‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्याकडे रोज रात्री साडेआठला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो. नणंद नेदरलँड्सला असते. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात चार. गेल्या दिवाळीनंतर हा कॉल रोज तुटायला लागला. आई टॅबलेट माझ्यापुढे धरायच्या, “अगं, ही बघ, परत थिजली.” कधी कॉल लागायचाच नाही, कधी लागायचा आणि चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मोठा प्लॅन घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. घेतला असता तर दर महिन्याला जास्तीचे पैसे गेले असते आणि आईंची तक्रार तशीच राहिली असती. कारण घरात दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी चालू होती आणि त्यातल्या एकाचाही इलाज मोठा प्लॅन नव्हता.

अशा वेळी एका रविवारी मी आधी नुसती मोजणी केली. फोन ६, लॅपटॉप ३, टॅबलेट १, टीव्ही २, कॅमेरे ४, स्मार्ट प्लग आणि बल्ब मिळून ९, शिवाय दाराची बेल, गीझरचा स्विच, प्रिंटर आणि गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर. एकूण २९. पाच माणसांचं साधं घर. दहा वर्षांपूर्वी याच घरात चार-पाच वस्तू नेटला जोडलेल्या असत, आणि नेट गेलं की सगळ्यांचं एकदमच जायचं. आता तसं होत नाही. टीव्ही चालू असतो आणि टॅबलेट बंद असतो. व्हॉट्सअ‍ॅप चालतं आणि बँकेची साइट उघडत नाही. म्हणूनच ‘नेट गेलं’ एवढ्या एका वाक्यावर आता भागत नाही.

आपल्या हातातल्या फोनपासून नणंदेच्या फोनपर्यंत जाताना काही टप्पे लागतात. पहिला टप्पा हवेतला, फोन ते राउटर. दुसरा राउटरच्या पोटातला, म्हणजे कोणाला कोणता पत्ता द्यायचा आणि कोणाचं पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) कुठे पाठवायचं हा हिशोब. तिसरा भिंतीवरच्या फायबरच्या डब्यापासून कंपनीपर्यंतचा. आणि चौथा, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, जिला डीएनएस म्हणतात. कुठलाही टप्पा अडला तरी आपल्याला दिसतं ते एकच: फिरणारं चक्र. आधी टप्पा शोधायचा, मग हात घालायचा. मी हे उलट करत होते, म्हणून दोन महिने गेले.

टप्पा शोधायचं हत्यार प्रत्येक लॅपटॉपमध्ये फुकट असतं. त्याचं नाव पिंग. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, मॅकवर टर्मिनल, आणि पिंग हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे पत्ता द्यायचा. आपला संगणक त्या पत्त्यावर हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. तीन हाका मारायच्या. पहिली आपल्याच राउटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि फोनच्या वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ या नावाखाली सापडतो. दुसरी बाहेर, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला; हे गुगल आणि क्लाउडफ्लेअर या कंपन्यांच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या डीएनएसचे पत्ते. तिसरी एखाद्या साइटला, तिच्या नावानं.

राउटरचं उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत, न चुकता येत असेल तर हवा ठीक आहे. तेच कधी ३, कधी २००, कधी येतच नाही असं दिसलं, तर दोष घरातच आहे; कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटर नीट बोलतोय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर बिघाड फायबरवर किंवा कंपनीकडे. आणि दोन्ही आकडी पत्ते उत्तर देतात, पण नावानं मारलेली हाक वाया जाते, तर डीएनएस आजारी. याची एक खूण लॅपटॉप न उघडताही कळते: चालू असलेला व्हिडिओ कॉल चालूच राहतो, पण नवीन साइट काही केल्या उघडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकलं की हे दुखणं बहुतेक वेळा जागच्या जागी बरं होतं.

आमचं पहिलं दुखणं यातल्या एकाही साच्यात बसेना. लॅपटॉपवरून तिन्ही हाकांना उत्तर येत होतं आणि त्याच क्षणी आईंच्या टॅबलेटवर ‘वायफाय जोडलं आहे, इंटरनेट नाही’. रेंजच्या काड्या मात्र भरलेल्या. शेवटी टॅबलेटचा वायफायचा तपशील उघडला आणि शेजारी माझा फोन धरला. माझ्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.२३. टॅबलेटचा १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा. एका घरातल्या दोन वस्तू दोन वेगळ्या गल्ल्यांत राहत होत्या.

झालं होतं असं. मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून आम्ही जुना राउटर तिथे ठेवून त्याला नव्या राउटरची केबल जोडली होती. घरात नवी वस्तू आली की ती ओरडते, “मला पत्ता द्या.” हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो, त्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. घरात वाटणारा एकच असावा, हे गृहीत असतं. आमच्या जुन्या राउटरचं वाटप कोणी बंदच केलं नव्हतं. त्यामुळे ओरडणाऱ्या वस्तूला दोघेही उत्तर देत आणि वस्तू ज्याचं उत्तर आधी पोचेल ते घेई. नव्याचं उत्तर आधी आलं तर सगळं सुरळीत. जुन्याचं आधी आलं तर पत्त्याबरोबर हेही कळे की “बाहेर जायचा दरवाजा म्हणजे मीच.” आणि त्या दरवाज्यापलीकडे काहीच नव्हतं, कारण जुन्या राउटरला इंटरनेटची लाइन जोडलेलीच नव्हती.

राउटर बंद-चालू केल्यावर दोन दिवस बरं का वाटायचं, तेही यातून उलगडलं. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. सगळं बंद-चालू केलं की पत्त्यांसाठी पुन्हा सोडत निघे. मुदत संपली, एखादी वस्तू नव्यानं जोडली गेली, की हळूहळू काही जण पुन्हा चुकीच्या गल्लीत. एकदा बेल, एकदा प्रिंटर, एकदा टॅबलेट. वस्तूच खराब आहे असं वाटून आम्ही दाराची बेल बदलूनही आणली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

इलाज दहा मिनिटांचा. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद केलं आणि त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हा मुक्कामाचा पत्ता दिला. नवा राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटेल असंही ठरवून टाकलं, म्हणजे २ नंबरशी टक्कर नको. आता जुना राउटर नुसता आवाज पुढे पोचवणारा झाला. घरात दोन राउटर असतील आणि काही वस्तू चालतात, काही चालत नाहीत, त्याही रोज वेगवेगळ्या, अशी लक्षणं असतील तर सगळ्यात आधी हे तपासा.

पत्त्यांबद्दल आणखी एक-दोन खुणा. एखाद्या वस्तूचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिला कोणीच पत्ता दिलेला नाही. तिनं स्वतःच एक मनानं ठरवून घेतलाय. म्हणजे वाटपाचा गोंधळ आहे. आणि कंपनीनं बसवलेल्या काही डब्यांच्या वायफाय सेटिंगमध्ये जास्तीत जास्त किती उपकरणं जोडता येतील याचा आकडा असतो, पुष्कळदा ३२. पाहुणे आले, चार फोन वाढले, की तेहतिसाव्याला दार बंद. लग्नसराईत, गणपतीत ‘आजच नेट कसं गेलं?’ याचं उत्तर कधी कधी या आकड्यात असतं.

आता हवा. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकच जण बोलू शकतो, हे मनात नीट बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत माईक एकच असतो ना, तसं. बाकीच्यांनी थांबायचं, माईक मोकळा झाला की पुढच्यानं बोलायचं. मग २९ जण म्हणजे फार गर्दी झाली का? नाही. बल्ब आणि प्लग जवळजवळ गप्प असतात; दिवसभरात त्यांचं बोलणं दोन-चार शब्दांचं. प्रश्न असतो लांब बसून हळू बोलणाऱ्याचा. सिग्नल कमकुवत असला की वस्तू मुद्दाम वेग उतरवते, म्हणजे निदान ऐकू तरी जावं. तेवढाच मजकूर सांगायला तिला कितीतरी पट वेळ लागतो आणि तेवढा वेळ माईक तिच्याच हातात. आमच्या मागच्या बाल्कनीतला कॅमेरा हा असा: सगळ्यात लांब, तीन भिंतींपलीकडे, आणि चोवीस तास बोलणारा. किती वस्तू आहेत यापेक्षा कोण किती वेळ माईक धरून बसतंय ते बघावं लागतं.

सिग्नल मोजताना काड्यांवर विश्वास ठेवू नये, आकडा बघावा. फोनवर वायफाय मोजणारी फुकट अ‍ॅप मिळतात. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू. आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण दर ३ ला शक्ती निम्मी होते. उणे ५० आणि उणे ७० मध्ये शंभरपट अंतर आहे. अ‍ॅप उघडून घरभर चालत जा, आणि लोखंडी कपाटामागे, मोठ्या आरशामागे, बाथरूमच्या टाइल्सच्या भिंतीपलीकडे काय होतं ते बघा. लाइनमन बहुतेक वेळा दाराजवळच डबा ठोकून जातो, कारण त्याची वायर तिथे येते. मग तो चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे दडपला जातो. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवणं, हा वायफायमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळला जाणारा उपाय आहे. तेवढ्यासाठी पाच-सात मीटर केबल ओढावी लागली तरी ओढावी.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण त्यात जागा कमी आणि गर्दी अफाट. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हसुद्धा, तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे पोळ्या गरम होत असताना कॉल अडखळणं हा भास नव्हे. ५ मध्ये जागा भरपूर, वेग जास्त, पण आरसीसीच्या दोन भिंती पडल्या की दम संपतो. म्हणून टीव्ही, लॅपटॉप, टॅबलेट ५ वर. बल्ब, प्लग, सेन्सर २.४ वर. यातल्या बहुतेकांना ५ कळतच नाही. दोन्हींना वेगळी नावं दिली की नवा बल्ब जोडताना होणारी चिडचिड वाचते. आणि नवा बल्ब काही केल्या जोडला जात नसेल तर राउटरची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए ३ वर आहे का ते बघा. जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए २ च समजतं.

२.४ च्या चॅनेलबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथे भलेभले चुकतात. भारतात १ ते १३ असे चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न धडकणारे तीनच: १, ६ आणि ११. अ‍ॅपमध्ये दिसतं की शेजारी १ वर आणि ६ वर आहेत, म्हणून आपण मधला ३ किंवा ४ घेतो. हे सगळ्यात वाईट. शेजाऱ्याच्याच चॅनेलवर बसलात तर दोन्ही राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळीपाळीनं बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर बसलात तर त्यांचं बोलणं तुम्हाला नुसती खरखर म्हणून ऐकू येतं आणि तुमचं त्यांना. पाळी राहत नाही, नुसती धडक. १, ६, ११ यांतला जो रिकामा वाटेल तो घ्यायचा आणि चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० वर आणायची.

हे सगळं केल्यावर टॅबलेट रोज जोडला जाऊ लागला. तरीही साडेआठला नणंद थिजतच होती. आता दुसरं दुखणं उघडं पडलं. आधी ते पहिल्याच्या आड लपलेलं होतं. रोज ठरावीक वेळेला होतंय म्हणजे कोणीतरी ठरावीक वेळेला काहीतरी करतंय. मी लॅपटॉप आईंच्या शेजारी ठेवला, पिंगच्या दोन खिडक्या उघडल्या आणि वहीत लिहीत गेले:

८:१० – राउटर ३, बाहेर १२
८:२५ – राउटर ४, बाहेर २६०
८:३५ – राउटर ४, बाहेर ४१०
९:२० – राउटर ३, बाहेर १४

राउटरपर्यंत काहीच बदल नाही, म्हणजे हवा निर्दोष. बाहेर जाणारी हाक मात्र तीस-पस्तीसपट उशिरा परत येतेय. सव्वाआठला मुलगी क्लासहून येते, नवरा ऑफिसमधून. दोघेही फोन चार्जिंगला लावतात आणि फोन दिवसभराचे फोटो, व्हिडिओ वर चढवायला घेतात. आमची लाइन ५० एमबीपीएसची. फोन ५ गिगाहर्ट्झवरून राउटरला त्याच्या कितीतरी पट वेगानं माल देतात. मग राउटरच्या दाराशी रांग लागते. पोस्टाच्या खिडकीवर तुमच्या पुढच्या माणसानं दोनशे पार्सलं आणलीत आणि तुमच्या हातात एकच पोस्टकार्ड आहे, तसं. कॉलमधल्या आवाजाचं एकेक पाकीट इवलंसं असतं, साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक निघतं, पण त्याला अख्ख्या पार्सलांच्या मागे उभं राहावं लागतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टमध्ये ते सहसा लपून राहतं, कारण आपण तिथे किती माल गेला तो आकडा बघतो, वाट किती बघावी लागली तो नाही.

इलाज ऐकायला उलटा वाटतो: वेग थोडा कमी करायचा. राउटरमध्ये क्यूओएस नावाची, कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय असेल तर ती चालू करून लाइनच्या वेगाचा आकडा खऱ्यापेक्षा जरा कमी लिहायचा. मी ५० च्या जागी ४५ लिहिलं. मग रांग कंपनीच्या यंत्रात किंवा डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तो हुशारीनं पोस्टकार्डं आधी सोडतो. रांग लांबू न देण्याची एक नीट पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांनी २०१२ मध्ये मांडली आणि आज बऱ्याच राउटरांत ती कुठल्या ना कुठल्या नावानं असते. त्या रात्री ८:३५ ला वहीत मी लिहिलं: राउटर ४, बाहेर १९. आईंनी पाऊण तास बोलून घेतलं.

रेंज वाढवायला बाजारात रिपीटर मिळतो. तो साधा असेल तर त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो, म्हणजे माईकचा वेळ दुप्पट जातो. मेश, म्हणजे एकत्र मिळून घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, चांगलं, पण डब्यांमध्ये केबल असेल तर. शक्य तिथे केबलच ओढा. टीव्ही आणि डेस्कटॉप जागचे हलत नाहीत, त्यांना हवेत बोलायची गरज काय? मात्र केबलचंही एक दुखणं आहे. तिच्यात आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चार पुरतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. १००० ला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नसेल तरी केबल ‘चालते’, पण १०० वर. तुमचा प्लॅन २०० चा आहे आणि स्पीड टेस्ट रोज ९४-९५ वर अडकतेय, तर प्लॅनला दोष न देता कनेक्टर कापून नवीन दाबून घ्या.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाहीये. सोफ्यामागे वायर दुमडली गेलीय का ते आधी बघा. काचेची तार आहे ती, कोनात वाकवू नये. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो. डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाचा आकडा मिळाला तर बघून ठेवा. तो सहसा उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान हवा. उणे २७ च्या काठावर असेल तर लाइन कधी लागेल, कधी सुटेल.

आणि विजेचं. लाइट क्षणभर लुकलुकली तरी राउटर पहिल्यापासून सुरू होतो, डबाही, आणि मग सगळं जागेवर यायला काही मिनिटं जातात. राउटरच्या स्टेटस पानावर ‘अपटाइम’ असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. तुम्ही बंद केलेला नसताना तिथे दोन तास दिसले, तर वीज, अ‍ॅडाप्टर किंवा उष्णता यांच्याकडे बघा. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस डबा आणि राउटर या दोघांनाही लावावा. एकट्या राउटरला लावून उपयोग नाही. घेताना अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

कंपनीला फोन करायची वेळ आलीच तर आता मी “नेट चालत नाही” असं म्हणत नाही. “केबलनं जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटर ३ मिलिसेकंदांत उत्तर देतो, ८.८.८.८ ची चारपैकी दोन पाकिटं हरवतात, प्रकाशाचा आकडा उणे २८ आहे, काल संध्याकाळी सातपासून” असं सांगते. समोरच्यालाही बरं पडतं; ‘राउटर बंद करून चालू करा’ हा टप्पा ओलांडून तक्रार थेट लाइनमनकडे जाते.

बाल्कनीतला कॅमेरा अजून उणे ७८ वर आहे. पुढच्या रविवारी त्याच्यापर्यंत केबल ओढायची आहे, आणि लावण्याआधी आठही तारा टेस्टरवर तपासून घ्यायच्या आहेत.